पिवळ्या फडक्यातला बयाना

जीप अंगणातून हलली तेव्हा रेवाराम टेंभरेनं बोनेटवर प्रेमानं थाप मारली आणि म्हणाला, "गोवर्धनभाऊ, डोळे मिटून चालवा. मख्खन आहे, मख्खन."

पुढच्या सीटवर त्याची बायको धनवंता बसली होती. मांडीवर नऊ वर्षांची मुलगी रुचि, हातात लाल गोंड्याचे टाळ. मागच्या बाकांवर रेवारामची आई जमुनाबाई आणि भजनी मंडळाच्या सहा-सात बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. घाटाखालच्या गावात सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन उभं राहायचं होतं. दरवर्षी ही मंडळी रेवारामच घेऊन जायचा. तिथं पोचला की चावी कनवटीला लावायचा, मृदंग गळ्यात घालायचा आणि बुवांच्या मागं उभा राहायचा. कीर्तन म्हणजे त्याचा जीव. पूर्वरंग कितीही लांबला तरी त्याला कधी जांभई आली नाही, आणि उत्तररंगात गजेंद्राची हाक आली की दरवर्षी त्याच ठिकाणी त्याचे डोळे भरून यायचे.

पण आज त्याला घरी थांबणं भाग होतं. याच जीपेच्या सौद्यापोटी दिलेला बयाना, म्हणजे विसाराचे पैसे, खुमेंद्र बिसेन परत मागायला येणार होता.

गोवर्धन हे दुसरं गिऱ्हाईक, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचं. शहरात राहून बोलणं अर्धं हिंदी झालेलं. सकाळीच आला, जीपभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घालून पाहिली आणि म्हणाला, "ऐसा करते है ना, मी या बायांना सोडून देतो कीर्तनाला. तुमचं काम पण होईल, माझी ट्रायल पण." रेवारामला हे फारच सोयीचं वाटलं. म्हणून तो तसा थाप मारून मख्खन म्हणाला. जीप वळणावरून दिसेनाशी झाली, टाळांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही गेला.

थोड्या वेळानं यादोराव आला. उन्हाळी धानाच्या विक्रीपासून बैलजोडीपर्यंत गावातला कुठलाही सौदा यादोराव मध्ये असल्याशिवाय होत नसे. खुमेंद्रच्या जीपेचा सौदाही त्यानंच जुळवला होता. त्याच्या मागून मोटारसायकलवर खुमेंद्र आला, आणि खुमेंद्रच्या मागे त्याचा मेहुणा गुड्डू. हा गुड्डू कशाला आला, ते कुणीच विचारलं नाही. जिथं दोन माणसं भांडायची शक्यता असेल तिथं तो आधी पोचायचा.

पडवीत चटई टाकली. रेवारामनं पाण्याचे गडवे ठेवले. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं आणि तिथून देवघर दिसत होतं. विठ्ठल-रुख्माईच्या पायांशी पिवळ्या फडक्याची एक छोटी पुरचुंडी होती. खुमेंद्रची नजर तिथं गेली आणि लगेच खाली आली.

ही या घरची रीत होती, रेवारामच्या आज्यापासूनची. बैल विको की जमीन, घेणाऱ्यानं दिलेला बयाना हळकुंड आणि सुपारीसोबत पिवळ्या फडक्यात बांधायचा आणि देवाच्या पायांशी ठेवायचा. सौदा पुरा होईपर्यंत ती गाठ सुटत नसे. घरात कितीही नड असो, त्या पैशाला हात नाही. म्हणजे खुमेंद्रच्या नोटा होत्या तशा तिथंच होत्या. रेवारामला त्या खर्चायला नको होत्या, त्याला त्या फक्त सोडायच्या नव्हत्या.

"बोला मंग," यादोरावनं तंबाखू मळत सुरुवात केली. "बजाराचा कायदा तं सारेच जानते. घेनारा मांगं सरला तं बयाना बुडाला. देनारा मांगं सरला तं दुप्पट भरून द्या लागते. आता खुमेंद्र म्हनते, मले जीप नाई पायजे. मंग बयाना कसा मांगतं बापू?"

खुमेंद्र नव्या लग्नाच्या नवरदेवासारखा खाली मान घालून बसला होता. अंगानं धिप्पाड, पण आवाज बारीक. "मी सारे नाई मांगत," तो म्हणाला. "थोडे तरी द्या. रेवारामभाऊ समजदार आहेत."

"समजदार आहो म्हनूनच तं नाई म्हनून राहिलो," रेवाराम म्हणाला. "तुह्या बयान्यापायी मी दोन गिऱ्हाइकं वापस पाठवले. एक तं आमगावचा, रोख घेऊन उभा होता. त्याले म्हनलं, भाऊ, शब्द देला आहे. आता तू म्हनतं नाई पायजे. काऊन नाई पायजे, थे तं सांग!"

"घरून नाई म्हनते," खुमेंद्र पुटपुटला.

गुड्डूनं मांडीवर थाप मारली. "कोन घरून? माही बहीन? दुर्गेश्वरी तं जीपेसाठी पाटल्या मोडाले तयार होती! जवाईबापूचं असंच आहे, यादोरावकाका. वरातीत घोडी थोडी फुरफुरली तं खाली उतरून पायी चालत मांडवात आले. आमच्या साऱ्या गावानं पाह्यलं."

यादोराव हसला. रेवारामही हसला. खुमेंद्रच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पाय खुमेंद्र," रेवाराम आता जरा चढ्या आवाजात म्हणाला, "मी रोज देवाचं नाव घेतो. खोटं बोलत नाई, खोटं चालू देत नाई. मानसानं शब्दाले राह्यलं पायजे. तू बायकोचं नाव पुढं करून मांगं सरतं, आनं वरून पैसे मांगतं?"

आणि इथं जे व्हायला नको होतं ते झालं. खुमेंद्र उठून उभा राहिला.

"थांबत नाई भाऊ!" तो ओरडला. "माह्याकडून गाडी थांबत नाई! सांगतो आता, हासा मंग सारे! तुम्ही जीप देली होती ना पाहाले, तवा मी दुर्गेश्वरीले आनं लेकराले बसवून बोडीच्या पाळीवरून, तलावाच्या कडंनं नेली. उतारावर ब्रेक मारला. पूर्न पाय देला, खालपर्यंत. गाडी नाई थांबली. सरळ पान्यात गेली. म्हशी होत्या म्हनून, त्यायच्या अंगावर अटकली. लेकरू उसळून माह्या हातावर पडलं. तवापासून गाडीवर बसलं का हा पाय लटलट लटलट करते. गोंदियाचा शिकवनारा म्हने, ब्रेक एकदाच, गच्च. मी एकदाच मारला, गच्च मारला. मलेच नाई जमत. कोनाले सांगू?"

रेवारामला या बोलण्याचं हसूच आलं. मनापासून, अगदी प्रेमळ हसू. लहान पोरानं चपला उलट्या घातल्या की येतं तसं.

"अरे बाप्पा! एकदाच मारला? एका पायात लागते काय थे?" आणि बसल्या जागी उजवा पाय उचलून त्यानं जमिनीवर करून दाखवलं. धप, धप. "दोनदा मारा लागते ना! पयला रिकामा जाते, दुसरा भरून येते. धप, धप. मी तं कितीक वर्सापासून..."

गुड्डू खो खो हसत सुटला. यादोराव मात्र हसला नाही. तंबाखू मळणारं त्याचं बोट तळहातावरच थांबलं.

"रेवाराम," तो हळूच म्हणाला, "हे तू गोवर्धनले सांगतलं का?"

रेवारामचा पाय दुसऱ्या धपेनंतर पुन्हा उचललेला होता, तो तसाच राहिला.

आता हे ऐकणाऱ्याला वाटेल, इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये? पण सवय ही अशीच असते. जीपेचा ब्रेक कधी ढिला झाला, कधी एका दाबात लागेनासा झाला, ते रेवारामला आठवतही नव्हतं. आधी कधीतरी दोनदा मारावा लागला असेल, मग अधूनमधून, मग रोज. पाय शिकला आणि डोकं विसरलं. लोक चप्पल काढताना आधी डावी काढतात का उजवी, त्यांना विचारा बरं. त्याला कुणी शपथ घालून विचारलं असतं, तुझ्या गाडीत काही दोष आहे का, तर त्यानं विठ्ठलाच्या पायावर हात ठेवून सांगितलं असतं, नाही. आणि ती त्याच्या लेखी खरी शपथ झाली असती.

मख्खन आहे, मख्खन. डोळे मिटून चालवा.

"घाट," रेवाराम म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढंच निघालं.

फोन करावा म्हटलं तर गोवर्धनजवळ मोबाईल होता, पण तेव्हा सालेकशाच्या पुढं जंगलात टॉवर कुठला. रेवाराम उठला, पडवीची पायरी चुकला, गुडघ्यावर आपटला, पुन्हा उठला. अंगणात मोटारसायकल एकच होती. खुमेंद्रची. रेवाराम तिच्याजवळ जाऊन नुसता उभा राहिला. ज्याला आताच खोटारडा म्हटलं त्याच्याकडे काय तोंडानं मागायचं?

मागायची वेळ आलीच नाही. खुमेंद्रनं किक मारली. "बसा," तो म्हणाला.

वैशाखातलं ऊन. रस्ता अर्धा डांबराचा, अर्धा मुरमाचा. दोन्ही बाजूंना सागाची उघडी झाडं, त्यांच्या पायाशी वाळलेल्या पानांचे ढीग. वाऱ्याची झुळूक तोंडावर अशी येत होती जशी कुणी तव्यावरून फुंकर मारावी. रेवारामनं खुमेंद्रची कमर दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे रस्त्याच्या टोकाला लावले होते. प्रत्येक वळणापलीकडे त्याला जीप दिसे. कधी झाडाला धडकलेली, कधी उलटी, चाकं वर करून हळूहळू फिरणारी. वळण सरलं की काहीच नसे, फक्त रस्ता. मग पुढचं वळण.

नाव घ्यावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. विठ्ठल म्हणायला गेला तर जीभ टाळूला चिकटून बसली. आयुष्यभर मृदंगाच्या ठेक्यावर नाव घेतलेलं, ठेका नसताना ते कसं घेतात ते त्याला येईना. आणि ठेका आठवायला गेला की पायच आठवायचा. धप, धप. कितीदा ऐकलं होतं त्यानं, हत्तीचा पाय मगरीच्या तोंडात आहे, पाणी गळ्याशी आलं आहे, आणि एका हाकेसरशी वैकुंठातून धाव येते. दरवर्षी त्याच ठिकाणी रडला होता. पण हत्तीनं कुणाला फसवलेलं नव्हतं. कुणाची भीती फडक्यात बांधून, वर हळकुंड ठेवून, त्याच देवाच्या पायांशी नेऊन ठेवली नव्हती.

पुढं रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली.

बरीच माणसं, वाकलेली. काहीतरी लाल कापड जमिनीवर. एक बाई डोक्याला हात लावून बसलेली. "थांब! थांब!" रेवाराम ओरडला आणि गाडी थांबायच्या आधीच उतरायला गेला. धुळीत दोन कोलांट्या खाऊन तो त्या गर्दीत शिरला.

तो तेंदूपत्त्याचा फड होता. जंगलातून पहाटे तोडून आणलेल्या पानांचे पुडके माणसं रांगेनं मांडत होती. लाल कापड म्हणजे कुणाचं तरी सोडलेलं मुंडासं. डोक्याला हात लावलेली बाई उन्हानं दमली होती, बस एवढंच.

"कायले धावून राहिले भाऊ?" ती म्हणाली. "पानी पिता का? वाघ लागला का मांगं?"

बाकीचे हसले. रेवारामला हसणाऱ्या त्या तोंडांकडे पाहून रडू आलं. "जीप गेली का? भजनाच्या बायांची?"

"गेली ना. हात हालवत गेल्या बाया. एक पोट्टी होती पुढं, तिनं जीभ दाखवली आमाले."

रुचि. तिची ती खोडच होती.

पुन्हा बसले. खुमेंद्र गाडी हाणत होता. एवढा भित्रा म्हणून सारं गाव ज्याला हसलं तो माणूस, पण मुरमावरून मोटारसायकल घसरत होती तरी त्याचा हात सैल होत नव्हता. मग खुमेंद्रनं मान थोडी वळवली.

"भाऊ, एक सांगू का? आता सांगाची वेळ नोहे."

"सांग."

"मले बरं वाटून राहिलं." त्याचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "लाज वाटते, पन बरं वाटून राहिलं. मी समजत होतो माहाच पाय खराब आहे. रात्री दुर्गेश्वरी म्हने, जीप घेऊ, जीप घेऊ. मी कुशीवर वळून भिंतीकडे पाहात राहो."

रेवारामनं खुमेंद्रच्या पाठीवर कपाळ टेकलं. शर्ट घामानं ओला होता.

रेल्वे फाटक बंद होतं.

मालगाडी चालली होती. कोळशाचे डबे, एकामागून एक, इतक्या सावकाश की जणू त्यांना कुठं जायचंच नव्हतं. रेवाराम उतरला आणि दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. डब्यांच्या फटीतून पलीकडचा रस्ता दिसायचा, नाहीसा व्हायचा, दिसायचा. फाटकवाला केबिनच्या सावलीत बिडी ओढत होता.

"जीप गेली? बायांची?"

"गई ना. भजन गाते-गाते गई."

"फाटक बंद होतं का तवा? थांबली होती का इथं?"

फाटकवाल्यानं बिडी खाली टाकली. आता त्याला काहीतरी आठवलं. "रुकी. रुकते-रुकते रुकी. एकदम दांडे को लगने को थी. मैं चिल्लाया, फाटक तोडोगे क्या! डायवर भी घबरा गया था. फिर हसने लगा."

इथं सपाट होतं. इथं सरकत सरकत थांबली. पुढं सपाट नव्हतं. फाटकाच्या पुढं चढ, चढ सरला की घाट, आणि घाटात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती झाडांची टोकं.

गोवर्धन घाबरला होता, मग हसला होता. नव्या गाडीचा अंदाज यायचाच असतो, असं म्हणाला असेल. मख्खन आहे, असं मालकानं सांगितलंय, असंही मनात म्हणाला असेल.

मालगाडी सरली. दांडा वर व्हायच्या आधीच खुमेंद्रनं मोटारसायकल त्याखालून काढली. फाटकवाला मागून शिव्या देत होता, रेवारामला त्या आशीर्वादासारख्या वाटल्या. निदान कुणी जिवंत माणूस बोलत होता. चढावर मोटारसायकल धापा टाकू लागली. माथ्यावर आले आणि खुमेंद्रनं इंजिन बंद केलं, उतारावर नुसती सोडली, म्हणजे काही आवाज येतो का ते ऐकू यावं.

काही आवाज नव्हता. एक पारवा कुठंतरी घुमत होता.

पहिलं वळण. काही नाही. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी रस्त्यावर मुरूम उकरलेला, दरीच्या कडेपर्यंत गेलेल्या चाकांच्या दोन खुणा, आणि कडेची झुडपं चेंगरलेली. आणि तिथंच, रस्त्याच्या मधोमध, उन्हात चमकणारी पितळेची वाटी. लाल गोंड्याचा टाळ. एकच.

रेवारामनं तो उचलला. तो इतका तापला होता की हाताला चटका बसला, तरी त्यानं सोडला नाही. कडेशी जाऊन खाली पाहायचं होतं. त्याचे पाय पुढं जाईनात. त्याच्या आयुष्यात त्याला एवढी भीती कधी वाटली नव्हती आणि पुढं कधी वाटणार नव्हती, कारण खाली पाहीपर्यंत सगळी जिवंत होती.

"भाऊ," खुमेंद्र म्हणाला. "इकडं पाहा. खुना वापस वळल्या आहेत."

खरंच, चाकांच्या खुणा कडेपासून वळून डोंगराच्या बाजूला गेल्या होत्या. दोघं धावत सुटले. वळणापलीकडे जीप डोंगराच्या अंगाला कुशीवर रेलून उभी होती. एक बाजू नालीत, दगडांनी खरवडलेली, आरसा तुटून लोंबत होता. बाया रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. कुणी कण्हत होती, कुणी देवाचं नाव घेत होती. धनवंताच्या मांडीवर जमुनाबाईचं डोकं होतं, म्हातारीचं मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. पण डोळे उघडे होते.

रेवारामनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"रुचि कुठं आहे?"

कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांनाच वाटलं ती दुसऱ्या कुणाजवळ आहे.

"रुचि कुठं आहे वो!"

जीपेच्या मागून ओकारीचा आवाज आला आणि मग तोंड पुसत रुचि बाहेर आली. फ्रॉकवर धूळ, कपाळावर एक टेंगूळ. "बाबूजी," ती म्हणाली, "मायचा एक टाळ हरवला." रेवारामनं मूठ उघडून दाखवली आणि तिथंच मटकन खाली बसला.

गोवर्धननं त्याला बसू दिलं नाही. कॉलर धरून उठवलं. त्याच्या भुवईतून रक्त वाहत होतं. "मख्खन? ये मख्खन है? छोटी बच्ची है गाडी में और तू मुझे बोलता है आँख बंद करके चलाओ?" त्यानं हात उगारला. खुमेंद्र मध्ये आला. पण त्याच्याही आधी धनवंताचा आवाज आला, उंच, भजनात वरची पट्टी धरावी तसा.

"सोडा त्यायले, भाऊ. मलेही माहीत होतं."

गोवर्धनचा हात खाली आला.

"मी रोज यायच्या बाजूनं बसतो," धनवंता म्हणाली. "यायचा पाय मले पाठ आहे. धप-धप, धप-धप. मी त्याच्यावर टाळ धरतो कवा कवा. मले वाटे, जीप अशीच रायते. साऱ्या जीपा अशाच रायतात." ती क्षणभर थांबली. "पयल्या वळनावर भाऊनं एकदाच पाय मारला. मले कळेना का झालं. काहीतरी कमी आलं, बस एवढंच. दुसऱ्या वळनावर कळलं. मी चिल्लावलो, दोनदा मारा, दोनदा! भाऊ म्हने, काय? मंग मी टाळ फेकला आनं त्यायच्या मांडीवर थापा मारल्या. धप, धप. तवा लागला. तवा कुठं भाऊनं इकडं वळवून घासवत आनली."

गोवर्धन खाली बसला आणि भुवईला रुमाल दाबत राहिला. जमुनाबाई पडल्या पडल्या म्हणाली, "काल्याचं कीर्तन उभं झालं असेन आता."

दुसऱ्या दिवशी रेवाराम यादोरावला घेऊन खुमेंद्रच्या घरी गेला. पिवळी पुरचुंडी त्यानं उपरण्यात धरली होती. खुमेंद्रच्या बायकोनं, दुर्गेश्वरीनं, चहा केला. गुड्डूही तिथंच होता, पण आज त्याला घोडीची आठवण आली नाही.

यादोरावचं समाधान झालं नव्हतं. "देतं तं दे," तो म्हणाला, "पन रीत मोडून राहिला तू. घेनारा मांगं सरला तं बयाना बुडते, हे मोडलं तं उद्या सौदा कोन पाळनार?"

"हा मांगं नाई सरला, यादोरावभाऊ. गाडीच थांबली नाई."

"थे तुह्या गाडीत खोट होती म्हनून! उद्या एखादा उगाचच मांगं सरला तं? त्याले बी देशील?"

रेवारामनं यावर खरंच विचार केला. आमगावचं परत गेलेलं गिऱ्हाईक त्याला अजून आठवत होतं. "उगाच सरला तं कदाचित नाई देनार," तो म्हणाला. "पन पयले त्याले विचारीन, काऊन. आनं तो सांगे तवा हासनार नाई."

त्यानं पुरचुंडी सोडायला घेतली. गाठ सुटेना, ओढली तशी अजूनच आवळली. शेवटी दुर्गेश्वरीनं ती त्याच्या हातातून घेतली आणि दातांनी सोडवली. हळकुंड आणि सुपारी तिनं रेवारामला परत दिली. "हे देवाचं, भाऊ," ती म्हणाली. यादोरावनं दुप्पट भरण्याची गोष्ट काढली तेव्हा खुमेंद्रनं हातानंच नको म्हटलं.

जीपेचा ब्रेक गोंदियाच्या मिस्त्रीनं नवा बसवला. मिस्त्री म्हणाला, आता नुसता अंगठा ठेवा, उभी राहील. रेवाराम एकटाच चालवत घरी आणायला निघाला. गावच्या अलीकडे एक बकरी आडवी आली, त्यानं पाय दिला. जीप जागच्या जागी थांबली, इतकी गच्च की त्याची छाती स्टेअरिंगला लागली. बकरी निघून गेली. आणि मग, सगळं झाल्यावर, त्याचा पाय आपोआप वर आला आणि पुन्हा खाली गेला.

धप.

त्यानं पायाकडे पाहिलं. आपलाच पाय, रबरी चपलेतला. त्याला त्याची भीती वाटली.

घरी येऊन त्यानं धनवंताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि कोनाड्यातले टाळ उचलले. "चला. मी बसतो बाजूनं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा पाय उचलला तं हे डोक्शात घालीन."

दोघं बोडीच्या त्याच पाळीकडे गेले. उतार आला. रेवारामनं पाय दिला, एकदाच. जीप थांबली. खाली पाण्यात म्हशी होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलं. धनवंतानं टाळ अधांतरी धरले होते, आणि दोघंही कान लावून वाट पाहत होती, दुसरी धप येते का म्हणून.